बेडकाची शिकवणी

एस्तेर रणभिसे मिरजेहून तैवानातल्या ताइनान शहरी आली आणि मुलांच्या कर्करोग रुग्णालयात नर्स म्हणून रुजू झाली, त्या दिवशी तिला दोन धक्के बसले. पहिला असा, की तिथली पोरं तिला ‘आयी’ अशी हाक मारायची. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी, हे ती शिकून आली होती. पण मिरजेच्या कानाला ते ‘आई’च ऐकू यायचं, आणि चाळिशीला टेकलेल्या, लग्न न केलेल्या त्या बाईचं हातातलं काम दर हाकेला थांबायचं. दुसरा धक्का म्हणजे वॉर्डातल्या प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या गोड खाऊचा एकेक हिरवा पुडा ठेवलेला होता.

“हे खाऊचे पुडे कोण विसरलंय?” तिने विचारलं.

“विसरले नाहीत, ठेवलेत,” मुख्य नर्स गंभीरपणे म्हणाली. “पुड्यावर काय लिहिलंय वाच.”

पुड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शहाणं रहा’. म्हणजे यंत्राने शहाण्यासारखं वागावं, मध्येच बंद पडू नये, म्हणून हा नैवेद्य. त्याचे नियमही कडक होते. पुडा हिरवाच हवा, पिवळा-लाल चालत नाही. फोडायचा नाही. आणि त्याची मुदत संपता कामा नये. शिळा पुडा ठेवला तर यंत्र हटकून उलटं वागतं. बँकेत, कारखान्यात, विमानतळावर, सगळीकडे हीच रीत. एस्तेरला हसू आलं होतं. वास्तविक तिला हसायचा काही अधिकार नव्हता. पाल चुकचुकली की तिची आजी घराबाहेर निघालेल्या माणसाला परत बसवून पाणी पाजायची. पुढे दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या पुड्यांच्या मुदती तपासायचं काम नव्या नर्सच्या, म्हणजे एस्तेरच्याच गळ्यात पडलं, ते सहा वर्षं झाली तरी सुटलं नाही.

बेडूक आला तो मधल्या काळात. बेडूक म्हणजे एक यंत्रच, दर खाटेच्या उशाशी एक, वाटोळं, हिरवट, वर डोळ्यांसारखे दोन दिवे. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, ते कुणीच घेत नसे.

कॅन्सरची औषधं मुलांना कॅन्सरइतकीच छळतात, ही गोष्ट जुनीच आहे. मळमळ, तोंड येणं, थकवा, हातापायांना मुंग्या. पण हे मोजायचं कसं? रक्तातल्या पेशी मोजता येतात, मळमळ मोजता येत नाही. ती ज्याची त्यालाच ठाऊक. पूर्वी कागदावर प्रश्न असायचे, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं असायची, आणि पोरं कंटाळून कुठल्यातरी चेहऱ्यावर बोट ठेवून मोकळी व्हायची. बेडकाने तो खटाटोप संपवला. मुलाच्या छातीवर नखाएवढी एक पट्टी चिकटवायची. घामातली रसायनं, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, स्नायूंमधली बारीकशी वीज, श्वासाची लय, असं बरंच काही ती पट्टी टिपते. मात्र त्या टिपणाला स्वतःचा अर्थ नसतो. धडधडणारं हृदय भीतीचं असेल, तसंच पतंग काटल्याच्या आनंदाचंही असेल. म्हणून पहिले दहा दिवस बेडकाची शिकवणी चालते. दिवसातून सहा वेळा तो गोड आवाजात चिनीतून विचारतो, “आत्ता मुंग्या येतायत का? किती?” मूल जो आकडा सांगेल, त्याची तो त्या क्षणीच्या शरीराशी सांगड घालतो. दहा दिवसांत त्याला त्या एका मुलाच्या शरीराची बोली येऊ लागते. मग तो पुन्हा विचारत नाही. नुसता आकडा दाखवतो, शून्य ते दहा, आणि औषधाची मात्रा त्या आकड्यावर ठरते.

बेडूक आल्यापासून वॉर्डात कुणी कुणाला काही विचारीनासं झालं. गरजच उरली नाही. अकरा देशांत बेडूक बसवले होते आणि त्या सगळ्यांत ताइनानच्या मुलांचे आकडे सर्वांत कमी होते. वॉर्डाचे प्रमुख डॉक्टर थांग पुढच्या महिन्यात परिषदेत त्यावर निबंध वाचणार होते. “आमची मुलं सगळ्यांत कमी सोसतात,” असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि ऐकून एस्तेरचीही मान ताठ व्हायची.

अशातच यी-आन आली. नऊ वर्षांची, रक्ताचा कर्करोग, टोपीखाली तुळतुळीत डोकं आणि जिभेला हाड नाही अशी बडबड. तिचे आजोबा हात-बाहुल्यांचे खेळ करणारे, देवळांसमोर चाळीस वर्षं नाव कमावलेले. ती बाहुली आत हात घालून नाचवायची असते. लाकडी डोक्यात तर्जनी, एका बाहीत अंगठा, दुसऱ्या बाहीत उरलेली बोटं. यी-आन पाच वर्षांची असल्यापासून आजोबांकडे शिकत होती, आणि बरी झाली की वसंतातल्या जत्रेत त्यांच्याबरोबर पडद्यामागे उभी राहणार होती. तिच्या उशाशी एक सेनापती कायम असायचा, लांब दाढीचा, तलवारवाला.

तिच्या उपचारात चार गुरुवार एक जुनं औषध होतं, सदाफुलीपासून काढलेलं. होय, तीच सदाफुली, जी आपल्याकडे तुळशीशेजारी कुणी न लावता उगवते. औषध नामी, पण ते नसांना झोंबतं. वेळेवर कळलं आणि मात्रा उतरवली तर नसा सावरतात. नाही कळलं तर बोटं कायमची बधिर होऊ शकतात. दोन गुरुवार पार पडले होते, तिसरा उद्यावर आला होता, आणि यी-आनचा बेडूक मुंग्यांसमोर शून्य दाखवत होता.

बुधवारी दुपारी यी-आनने खेळघरात सेनापतीचा खेळ लावला. समोर पाच पोरं, मागच्या खुर्चीत आजोबा. सेनापतीने मुजरा केला तो एकाच हाताने. दुसरी बाही लोंबकळत राहिली. मग तलवार पडली. उचलली, पुन्हा पडली.

“सेनापती घाटातल्या लढाईत जखमी झालाय!” यी-आनने लगेच कथाच फिरवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी वाजवल्या नाहीत.

एस्तेरने त्यांना बाहेरच्या गच्चीवर गाठलं. “आकाँग,” ती म्हणाली, कारण तिथे आजोबांना असंच म्हणतात, “तुम्ही पाहिलंत ना?”

“चाळीस वर्षं बोटं शिकवतोय मी,” म्हातारा म्हणाला. “सेनापती नाही जखमी. हात जखमी आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तिची आई रोज सकाळी येते ती आधी त्या बेडकाकडे बघते, मग मुलीकडे. शून्य दिसलं की डबा उघडते. तेवढाच एक घास त्या आईच्या पोटात जातो. तो मी कसा काढून घेऊ?”

म्हणजे सगळ्यांचीच अळीमिळी गुपचिळी. एस्तेर परत खाटेशी आली. यी-आन आता चित्र रंगवत होती, खडू मुठीत धरून, तीन वर्षांचं पोर धरतं तसा.

“हाताला मुंग्या येतात का गं?”

“ठीक आहे, आयी.”

“सदऱ्याचं बटण लावून दाखव बरं.”

“ते आई लावून देते,” यी-आन म्हणाली आणि चित्रात डोकं खुपसलं.

एस्तेरने नोंदी उघडल्या. पहिल्या गुरुवारपासूनचे शिकवणीचे दहा दिवस, रोजचे मुंग्यांबद्दलचे सहा प्रश्न. साठ प्रश्न आणि साठच्या साठ उत्तरं शून्य. तिने कपाळावर हात मारून घेतला. बेडूक बिचारा खोटं बोलत नव्हता! या मुलीच्या शरीरात मुंग्या उठतात त्याला ‘काही नाही’ म्हणायचं, असं त्याला यी-आननेच शिकवलं होतं, आणि तो इमानदारीने तेच म्हणत होता. मग तिने बाकीच्या मुलांच्या नोंदी पाहिल्या. शून्य, शून्य, एक, शून्य. प्रश्नांचं भाषांतर सात वेळा तपासलेलं होतं, त्यात काना-मात्रेची चूक नव्हती. चूक एवढीच, की मास्तरणीच्या आवाजात, आईच्या देखत, कुणी विचारलं “दुखतंय का बाळ?” तर तिथलं शहाणं मूल काय सांगणार?

आणि तिथलंच कशाला? मिरजेतलं तरी काय सांगणार? एस्तेर आठ वर्षांची असताना हात मोडला होता. प्लास्टर घट्ट बसलं होतं, बोटं निळी पडत होती, पण येणारा-जाणारा “किती शहाणी पोर, रडत नाही!” म्हणायचा, आणि त्या कौतुकापायी ती तीन दिवस गप्प बसली. डावी करंगळी आजही बधिर होती. सवय मात्र सुटली नव्हती. दर रविवारी उपासनेनंतर मिरजेहून पप्पांचा फोन यायचा, “कशी आहेस, बेटा?” आणि ती सहा वर्षं एकच उत्तर देत आली होती, “मजेत, पप्पा.”

डॉक्टर थांग वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून कित्येक महिन्यांनी नसा तपासायची छोटी हातोडी काढली आणि यी-आनच्या गुडघ्यांवर, घोट्यांवर मारून पाहिली. पाय जेमतेम हलले.

“या टप्प्यावर सगळ्यांचेच पाय असे मंद हलतात,” ते बाहेर येऊन म्हणाले. “किती त्रास होतोय यावर मात्रा ठरते. मुलगी म्हणते नाही. यंत्र म्हणतं नाही. तुम्ही एकट्या म्हणताय हो. उगाच मात्रा कापली आणि आजार उलटला, तर तिच्या आईला काय सांगू? बाहुलीची तलवार पडली होती म्हणून?”

“बेडकाची शिकवणी पुन्हा घेऊ या.”

“घेऊ. ती पुन्हा शून्यच म्हणेल.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. बरं, मुलगी खोटं बोलली असं आईसमोर म्हणावं, तर आईचं नाक कापलं जाणार आणि पोर कायमची मिटून जाणार. गुरुवारी अकराला औषध द्यायचं होतं.

गुरुवारी सकाळी यी-आनची आई आली. आधी बेडकाकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग डबा काढला. एस्तेर काहीतरी करायचं म्हणून उशाजवळचं टेबल पुसत होती. बेडकावरचा हिरवा पुडा तिने उचलला, आणि खालच्या शिवणीवरची बारीक तारीख तिच्या नजरेला पडली. मुदत संपून पाच आठवडे झाले होते. म्हणजे शिकवणी सुरू व्हायच्या तीन आठवडे आधीच.

एस्तेरचे कान तापले. एक तारखेचं काम तिचं. गेले दोन महिने पाठ भरून यायची, पंचवीस टेबलांपाशी वाकवत नव्हतं, आणि ‘कोण बघतंय’ म्हणून तिने ते टाळलं होतं. कुणाला सांगितलंही नव्हतं. तिने पुडा चटकन एप्रनच्या खिशात लपवला. गुपचूप नवा ठेवला की झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

तेवढ्यात तिचं लक्ष यी-आनकडे गेलं. तिनेही आपला उजवा हात चादरीखाली दडवला होता.

एस्तेरने पुडा खिशातून काढला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझी चूक झाली. या पुड्याची मुदत पाच आठवड्यांपूर्वीच संपलीय. तपासायचं काम माझं होतं, मी केलं नाही. माझी पाठ दुखत होती आणि मी ते कुणाला बोलले नाही.”

मुख्य नर्सच्या हातातला ट्रे खणकन टेबलावर आला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून आपल्या मुलाच्या बेडकावरची तारीख बघू लागली. यी-आनच्या आईचा घास डब्यातच राहिला.

“मग हे आकडे?” तिने विचारलं. “ही शून्यं?”

डॉक्टर थांगना बोलावणं गेलं. त्यांनी चष्मा वर करून तारीख वाचली, दोनदा वाचली. दोन विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस. पण पुडा नसलेल्या यंत्राला त्यांनी हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. ते एस्तेरकडे क्षणभर रोखून बघत राहिले.

“या आकड्यांवर औषध देता येणार नाही,” ते गंभीरपणे म्हणाले. “थोडे दिवस थांबलं तर चालतं. शिकवणी पहिल्यापासून घ्या.” त्यांचा पुड्यावर खरोखर विश्वास होता, की एस्तेरने काढलेली वाट त्यांना कळली होती, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही. कुणाचंच नाक कापलं गेलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

यी-आन ताडकन उठून बसली. “म्हणजे बेडूक खोटं बोलत होता?”

“चुकीचं शिकला बिचारा,” एस्तेर म्हणाली. “त्याला आता नवा पुडा ठेवू आणि नवी शिक्षिका देऊ. शिक्षिका तू.”

तिने नवा हिरवा पुडा आणला. यी-आनने तारीख स्वतः वाचून घेतली. मग बराच वेळ ती पुड्यावरच्या मोठ्या अक्षरांकडे बघत बसली.

“आयी, यंत्राने शहाणं रहायचं म्हणजे काय करायचं?”

“जे आहे ते सांगायचं.”

“आई घाबरली तरी?”

यी-आनच्या आईने डबा बाजूला ठेवला. ती खाटेशी आली, चादरीखाली हात घातला आणि मुलीचा तो हात शोधून बाहेर काढला.

“घाबरणं हे आईचं काम आहे,” ती म्हणाली. “तू ते करायचं नाहीस. माझं मला करू दे.”

बेडकाचे दिवे लागले. “आत्ता मुंग्या येतायत का?” त्याने गोड आवाजात विचारलं. “किती?”

यी-आनने आईकडे पाहिलं. मग बेडकाकडे.

“सात,” ती म्हणाली. आणि एकदा झाकण उघडल्यावर थांबेचना. “हाताला सात. पायाला सहा. झोपताना आठ. बटण लागत नाही. तोंडात फोड आहे, तो चार. आणि भाताचा वास आला की मळमळतं, पण आई भातच आणते, ते किती म्हणायचं?”

आई रडली. रडता रडता भाताचा डबा बंद करताना तिला हसूही आलं. छत काही कोसळलं नाही, आणि ते कोसळत नाही हे यी-आनने डोळे विस्फारून, नीट बघून घेतलं.

यथावकाश सगळं मार्गी लागलं. यी-आनचे दोन गुरुवार पुढे सरकले, सदाफुलीची मात्रा निम्मी झाली आणि उरलेली कसर दुसऱ्या औषधाने भरून काढली. एस्तेरच्या आळसापायी आणखी नऊ पुडे शिळे निघाले होते. त्या नऊही बेडकांची शिकवणी नव्याने झाली, आणि मग उरलेल्यांच्या आयाच हट्टाला पेटल्या, आमच्याही बेडकाला पुन्हा शिकवा म्हणून. या वेळी आया समोर बसून मुलांना एकच वाक्य सांगायच्या, “घाबरायचं काम माझं.” ते वाक्य कुठून आलं हे महिन्याभरात कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. ताइनानचे आकडे चढले आणि अकरा देशांत मधोमध जाऊन बसले. डॉक्टर थांगनी परिषदेच्या आदल्या आठवड्यात आख्खा निबंध फाडून नवा लिहिला आणि हातोडी खिशात ठेवायला लागले. एस्तेरकडून पुड्यांचं काम मात्र कुणी काढून घेतलं नाही. फक्त खालच्या टेबलांसाठी तिला एक बुटकं चाकाचं स्टूल मिळालं.

तीन महिन्यांनी यी-आन तपासणीसाठी आली तेव्हा डोक्यावर बोटभर केस होते. तिने खाटेवर बसल्या बसल्या सेनापती हातात चढवला. त्याने दोन्ही हात जोडून मुजरा केला, तलवार उपसली, गरकन फिरवली. शेवटी ती जराशी डगमगली, पण पडली नाही. दारात उभ्या असलेल्या आजोबांनी या वेळी टाळी वाजवली आणि लगेच दुसरीकडे बघत नाक शिंकरलं. जत्रेला अकरा दिवस उरले होते.

“आयी,” यी-आनने अचानक विचारलं, “आज तुझे किती?”

“कसले गं?”

“कसलेही.”

“शून्य,” एस्तेर सवयीने म्हणाली.

यी-आनने सेनापती बाजूला ठेवला. बेडकावरचा हिरवा पुडा उचलला, उलटा केला आणि डोळे बारीक करून खालची तारीख वाचली.

“मुदत तर आहे अजून,” ती म्हणाली. “पुन्हा सांग.”

एस्तेरला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ती स्टूल ओढून बसली. “पाठ चार,” ती म्हणाली. मग स्टूल आणखी जवळ सरकवून, “घरची आठवण सहा. रविवारी सात.”

यी-आनने शिक्षिकेसारखी मान डोलावली.

त्या रविवारी मिरजेहून फोन आला. “कशी आहेस, बेटा?”

“पप्पा,” एस्तेर म्हणाली, “दहापैकी सात आठवण येते मला घराची. इथे चांगलं आहे, पण येते.”

पलीकडे पप्पांनी घसा साफ केला.

“दहापैकी ना?” ते म्हणाले. “मग जरा लिहून घे. माझा गुडघा आठ.”